ताटाशेजारचा पेला

गेल्या माघ महिन्यांत, एका रविवारीं दुपारीं, आमच्या नाशिकच्या घरीं एक परीक्षा झाली. परीक्षक पांच होते, प्रश्नपत्रिका म्हणजे रोजच्या जेवणाचें ताट, आणि परीक्षार्थी म्हणजे जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेल्या सात बाटल्या. त्या बाटल्यांत द्राक्षांची वाइन होती. ज्या घरांत चहाखेरीज दुसरें व्यसन कधीं शिरलें नाहीं, ज्या घरांतील आजी १९३० सालच्या चळवळींत दारूच्या दुकानापुढें पिकेटिंग करावयास उभी राहिली होती, त्या घरांत हें कसें घडलें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत साहजिकच येईल. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों आणि मग निकाल.

माझ्या मधल्या बंधूंचा मुलगा रसायनशास्त्राची पदवी घेऊन चार वर्षांपूर्वीं दिंडोरी तालुक्यांतील एका वाइनच्या कारखान्यांत कामाला लागला. त्याच्या पगाराचा वांटा घरांत येतो, दिवाळीला सर्वांना कपडे येतात. परंतु ‘तूं तेथें काय करतोस?’ हें त्याला या चार वर्षांत घरांतील एकाही वडीलधाऱ्या माणसानें विचारलें नव्हतें. बाहेर कोणीं विचारलें तर ‘फळप्रक्रियेच्या धंद्यांत आहे’ असें सांगण्याचा आम्हां सर्वांचा परिपाठ पडला होता. लग्नाच्या बोलण्यांतही आम्हीं हेंच सांगितलें. मुलीला मात्र त्यानें पहिल्याच भेटींत खरें तें सांगून टाकलें होतें. तीच सूनबाई एके दिवशीं भाजी निवडतां निवडतां मला म्हणाली, ‘काका, ज्या कामाचें नांव घ्यावयाची आपल्याला लाज वाटते, त्या कामाचा पगार घ्यावयाची कशी वाटत नाहीं?’ मला उत्तर सुचलें नाहीं.

हा प्रश्न अप्पांच्या कानांवर गेला. अप्पा म्हणजे माझे थोरले बंधू. त्यांची सारी हयात गणित शिकविण्यांत आणि उत्तरपत्रिका तपासण्यांत गेली. ते दोन दिवस कांहींच बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं म्हणाले, ‘वहीवर शेरा मारावयाचा, तर आधीं वही उघडून पाहिली पाहिजे. आपण ती न उघडतांच चार वर्षें शेरा मारून बसलों आहों.’

परंतु खरी अडचण अप्पांची नव्हती, वहिनींची होती. वहिनींचा पाठचा भाऊ दारूपायीं गेला. त्याची बायको आणि दोन मुलें कित्येक वर्षें याच घरांत होतीं. ‘मनुस्मृति काय म्हणते तें मला सांगूं नका,’ त्या म्हणाल्या, ‘मीं त्याचे सदरे धुतले आहेत. मला तो वास ठाऊक आहे.’ यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें, आणि तें कोणीं देऊंही नये. शेवटीं वाट त्यांनींच काढली. स्वयंपाक त्या करतील, पेला तोंडाला लावणार नाहींत, आणि त्यांच्या चार अटी पाळल्या जातील. रिकाम्या पोटीं कोणीं कांहीं घ्यावयाचें नाहीं. लहान मुलांनीं त्या दिवशीं आजोळीं जावयाचें. घोट गिळावयाचा नाहीं, चव घेऊन टाकावयाचा. आणि उरलेलें घरांत रात्रीं राहतां कामा नये. तिसरी अट ऐकून पुतण्या हंसला व म्हणाला, ‘काकू, जगांतले सगळे खरे पारखी असेंच करतात. नाहीं तर दिवसाला साठ साठ वाइन तपासणार कशा?’ मग माळ्यावरची, आमच्या आजोबांच्या वेळची पितळी पिकदाणी खालीं आली आणि चिंच लावून लख्ख घासली गेली.

वाइन म्हणजे काय, आणि ती नाशकांत कशी आली

वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. द्राक्षांतील साखर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचा मद्यार्क व कर्बवायु बनवितात. वायु उडून जातो. मागें जें उरतें त्यांत सामान्यतः शेंकडा बारा ते चौदा भाग मद्यार्क असतो. व्हिस्की किंवा ब्रँडीप्रमाणें तें ऊर्ध्वपातन करून तीव्र केलेलें नसतें. आपल्या कपाटांतील वैद्यांचें द्राक्षासव हेंही मनुकांचा काढा गोड करून, त्यांत धायटीचीं फुलें घालून, आंबवूनच केलेलें असतें. हें मी वहिनींना सांगूं लागलों तेव्हां त्यांनीं मला एका वाक्यांत गप्प केलें : ‘औषध चमच्यानें घेतात, भावजी, आणि बरें वाटलें कीं बंद करतात.’

द्राक्षाच्या मद्याची ओळख आपल्या देशाला नवीन नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलें असून, ज्या प्रदेशांतून तें येई त्यांवरून पडलेलीं ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हीं त्याचीं नांवेंही दिलीं आहेत. नाशिक जिल्ह्यांत मात्र द्राक्ष हें खावयाचें फळ म्हणूनच वाढलें. महाराष्ट्रांत आधुनिक रीतीच्या वाइनचा प्रारंभ १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें शाम चौगुले यांनीं केला. त्यांनीं फ्रेंच तंत्रानें फेसाळ वाइन तयार करून ती परदेशीं धाडली. पुढें अमेरिकेंतून परतलेल्या राजीव सामंत यांनीं नाशकाजवळच्या वडिलोपार्जित जमिनींत १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. आईच्या ‘सुलभा’ या नांवावरून त्यांनीं आपल्या मालाला ‘सुला’ हें नांव दिलें, आणि २००० सालीं त्यांची पहिली वाइन बाजारांत आली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर आणि सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्यानें निघालीं.

युरोपांत द्राक्षें उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. एप्रिलमध्यें खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीवर असल्यामुळें थंडीच्या दिवसांत येथें दुपारीं ऊन आणि रात्रीं गारठा असतो. ऊन साखर वाढवितें आणि गारठा आंबटपणा राखतो. या दोहोंच्या तोलांतच वाइनची चव आहे, असें पुतण्या सांगतो. २०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास संमति दिली, तेव्हां जो वाद पेटला तो वाचकांना आठवत असेल. एका बाजूस शेतकऱ्याचें हित आणि दुसऱ्या बाजूस घराचें हित, असा तो वाद होता. तोच आमच्या माजघरांत आला, एवढेंच.

परीक्षेची रीत

बाटल्या पुतण्यानें आणल्या. अट एकच होती : नेहमींच्या जेवणाशेजारीं ठेवावयाची ती वस्तु नेहमींच्या किंमतीची असावी. म्हणून पांच बाटल्या हजार रुपयांच्या आंतल्या, आणि तुलनेकरितां एक, फ्रान्समधील बोर्दो प्रांताची, चौपट किंमतीची. अप्पांनीं त्या एकट्यानें आंतल्या खोलींत नेल्या, फडक्यांत गुंडाळल्या आणि प्रत्येकीवर क्रमांक बांधला. बाहेर आल्या त्या सात. सातवी अप्पांनीं स्वतः मागविली असावी, असें समजून कोणीं विचारलें नाहीं. अप्पा स्वतः परीक्षक नव्हते. ज्याला कांहीं घ्यावयाचें नाहीं त्याच्याच हातीं किल्ली असावी, असें ते म्हणाले, आणि तें योग्यच होतें.

गुण वीसपैकीं ठेवले. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत १९५० नंतरच्या दशकांत वीस गुणांची पद्धत रूढ झाली होती. पुढें रॉबर्ट पार्कर या अमेरिकन टीकाकारानें शंभर गुणांची पद्धत लोकप्रिय केली. परंतु तिची सुरुवात पन्नासापासून होते. हें ऐकून अप्पा म्हणाले, ‘नुसतें नांव लिहिल्याबद्दल पन्नास गुण देणारी परीक्षा मीं अजून पाहिली नव्हती.’ आमच्या वीस गुणांपैकीं वासाला पांच, नुसत्या चवीला पांच आणि जेवणाशीं मेळाला दहा.

चवीचे शब्द शोधावयास आम्हांला दूर जावें लागलें नाहीं. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय हे आपले षड्रस पुरेसे आहेत. मात्र संस्कृतांतील कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, हें ध्यानांत ठेवावें. तांबड्या वाइनमध्यें जो गुण प्रमुख तो कषाय, म्हणजे तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून उतरणाऱ्या टॅनिनचा असतो. कच्ची सुपारी किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तशीच ती येथेंही आखडते. कारण टॅनिन लाळेंतील प्रथिनांना धरून बसतें आणि तोंडांतला ओलावाच हिरावून नेतें. पांढऱ्या वाइनमध्यें साल लवकर वेगळी काढतात, म्हणून ती तुरट नसते; तिचें बळ आंबटपणांत असतें.

आरंभीं सर्वांनीं नुसता वास घ्यावयाचा होता. वहिनी पोळ्या लाटीत होत्या. सूनबाईनें दुसरा पेला त्यांच्या नाकाजवळ नेला. त्या क्षणभर मागें सरल्या, मग पुन्हां वांकून म्हणाल्या, ‘ही तर ढोबळी मिरची चिरल्यासारखी वाटते.’ पुतण्या चकित झाला. दुसरी बाटली सोव्हिन्यों ब्लाँची होती. या द्राक्षांत पायराझीन वर्गाचें जें द्रव्य असतें तेंच ढोबळी मिरचींतही असतें. चवथ्या पेल्याला त्या म्हणाल्या, ‘मिऱ्याची पूड.’ ती शिराझ होती. शिराझ आणि काळीं मिरीं यांच्या वासाचें मूळ रोटंडोन नांवाचें एकच द्रव्य आहे, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें. जी वस्तु त्यांनीं जन्मांत चाखली नाहीं, तिचीं दोन मर्में वहिनींनीं दोन वासांत सांगितलीं. चाळीस वर्षें फोडणीपुढें उभें राहिलेल्या नाकाला कोणत्या शिक्षणाची गरज आहे?

ताट आणि पेला

पहिलें ताट वरण-भात, तूप आणि लिंबू यांचें. साध्या वरण-भाताला पहिली, म्हणजे शेनिन ब्लाँ, चांगली लागली. तिच्यांत किंचित् गोडी असते आणि ती कोणावर अंगावर येत नाहीं. परंतु भातावर लिंबू पिळतांच तीच पाणचट झाली आणि सोव्हिन्यों ब्लाँ पुढें आली. यांतील नियम सोपा आहे. अन्नाचा आंबटपणा पेयाच्या आंबटपणाहून वाढला, कीं पेय मिळमिळीत लागतें. म्हणून आंबट जेवणाला आंबट वाइन. तांबडीचा मात्र येथें पूर्ण पराभव झाला. वरणाच्या सौम्यपणाला तो तुरटपणा झेपत नाहीं.

दुसरें ताट चिंचगुळाच्या आमटीचें आणि ढोबळी मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीचें. आमटींत गूळ असल्यामुळें कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन अधिकच आंबट भासली. शेनिन ब्लाँच्या गोडीनें आणि आंबटपणानें गोड्या मसाल्याशीं उत्तम जमवून घेतलें. पांचही परीक्षकांनीं तिला येथें पहिला क्रमांक दिला. भाजीला सोव्हिन्यों ब्लाँ जणूं तिच्याच शेतांतली वाटली, आणि वहिनींच्या नाकानें तें आधींच सांगितलें होतें.

तिसरें ताट पिठलें, ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. येथें साऱ्यांचीच दैना झाली. मिरचींतील कॅप्सेसिन तोंडांतील ज्या मज्जातंतूंना चेतवितें त्यांनाच मद्यार्कही चेतवितो. म्हणून तिखटावर वाइन घेणें म्हणजे विस्तवावर तेल ओतणें. शिराझचा घोट घेतांच धाकट्या बंधूंच्या डोळ्यांतून पाणी आलें. गार केलेली गुलाबी झिन्फँडेल तेवढी कांहींशी टिकली. वहिनींच्या आग्रहावरून अप्पांनीं ताकाचाही एक पेला आठव्या क्रमांकानें ठेवला होता. त्याला फडकें बांधून उपयोग नव्हता. पण गुण सर्वांनीं प्रामाणिकपणें दिले. ठेच्यापुढें ताकाला वीसपैकीं अठरा पडले, आणि त्याच्या जवळपासही कोणी आलें नाहीं. दुधांतील केसीन हें प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतें, हें त्याचें शास्त्रीय कारण. खानदेशांतील आणि देशावरील शेतकरी तें पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत.

चवथें ताट भरल्या वांग्यांचें. दाण्याचें कूट, सुकें खोबरें, तीळ आणि वर तरंगणारें तेल. शिराझचे दिवस येथें पालटले. स्निग्ध पदार्थ टॅनिनची धार बोथट करतो आणि टॅनिन तोंडांतील तेलकटपणा धुऊन काढतें. मसाल्यांतलीं मिरीं पेल्यांतल्या मिऱ्यांना भेटतात. ज्या पेल्यानें ठेच्याच्या वेळीं सहा गुण मिळविले, त्यानेंच येथें पंधरा मिळविले. शेवटीं वाटीभर शिरा होता. गोडापुढें सर्व कोरड्या वाइन कांजीसारख्या लागल्या; ‘पोर्ट’ या नांवानें विकली जाणारी सर्वांत स्वस्त, गोड तांबडी तेवढी खपून गेली. गोडाशेजारीं त्याहून गोडच पाहिजे, हा दुसरा नियम.

निकाल, आणि परीक्षकांची परीक्षा

जेवणें उरकल्यावर अप्पांनीं चष्मा लावून सरासरी वाचली. शेनिन ब्लाँ साडेचौदा, सोव्हिन्यों ब्लाँ तेरा, गुलाबी झिन्फँडेल साडेअकरा, शिराझ बारा, बोर्दोची चौपट किंमतीची तांबडी साडेदहा, गोड तांबडी नऊ आणि सातवा क्रमांक साडेआठ. ‘सातवी कोणती?’ असें आम्हीं विचारलें. अप्पांनीं फडकें सोडलें. बाटली रिकामी, जुनी, सरबताची. आंत होती ती चवथ्या क्रमांकाचीच शिराझ. अर्धी तिच्यांत, अर्धी मूळच्या बाटलींत.

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मीं स्वतः चवथ्याला पंधरा आणि सातव्याला नऊ गुण दिले होते, आणि शेऱ्याच्या रकान्यांत एकापुढें ‘भारदस्त’ व दुसऱ्यापुढें ‘कडवट, हलकी प्रत’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें. ‘परीक्षार्थी खोटें बोलत नाहीं, परीक्षक बोलतो,’ अप्पा म्हणाले. ‘पेपर तपासतांना मीं हा अनुभव घेतला आहे. हुशार मुलाच्या मागून येणारा मुलगा नेहमीं मार खातो.’ कारणही त्यांनींच दाखविलें. चवथा पेला हलक्या गुलाबी वाइननंतर येत होता, सातवा गोड तांबडीच्या पाठोपाठ. गोडानंतर कोरडें कडवट लागावयाचेंच. द्राक्ष एक, पिंप एक. बदलला होता तो आधींचा घोट.

यांत आम्ही एकटेच लाजावें असें नाहीं. कॅलिफोर्नियांत रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकानें तेथील राज्य प्रदर्शनांतील कसलेल्या परीक्षकांपुढें एकाच बाटलींतील वाइन निरनिराळ्या क्रमांकांनीं तीनदां ठेवली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणें स्वतःशीं सातत्य राखणारे परीक्षक दहांत सुमारें एकच निघाले. बोर्दो येथें फ्रेडरिक ब्रोशे व त्याच्या सहकाऱ्यांनीं पांढऱ्या वाइनमध्यें वासरहित तांबडा रंग मिसळून ती वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. २००१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, विद्यार्थ्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनचे शब्द वापरून केलें. किंमतीचेंही तसेंच. २००८ मध्येंच कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एकच वाइन लोकांना एकदां दहा डॉलरची आणि एकदां नव्वद डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून सांगितलेली लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूंतील सुखाचें केंद्रही तिला अधिक प्रतिसाद देत होतें. आणि झांकून केलेल्या परीक्षेचा सर्वांत गाजलेला दाखला पॅरिसचा : २४ मे १९७६ रोजीं स्टीव्हन स्परियर यानें भरविलेल्या परीक्षेंत फ्रेंच परीक्षकांनींच, नांवें न पाहतां, पांढऱ्या व तांबड्या या दोन्हीं गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला क्रमांक देऊन टाकला.

परंतु आमच्या घरीं सर्वांत बोलकी गोष्ट दुसरीच ठरली. पहिल्या क्रमांकाची शेनिन ब्लाँ पुतण्याच्या स्वतःच्या कारखान्याची होती. त्यानें ती पहिल्या वासालाच ओळखली होती, आणि तिला सर्वांत कमी, वीसपैकीं अकराच, गुण त्यानेंच दिले होते. अप्पांनीं विचारलें, ‘कां रे?’ तो म्हणाला, ‘या खेपेस तोडणीला चार दिवस उशीर झाला, अप्पाकाका. साखर वाढली, आंबटपणा उतरला. तुम्हांला गोड लागली म्हणून आवडली. मला ती चूक दिसते. पुढच्या वर्षीं पहांटे चारला तोडणी लावणार आहें, द्राक्षें गार असतांनाच आंत आलीं पाहिजेत.’ मग तो तासभर बोलत राहिला : पिंपांचें तापमान, यीस्टच्या जाती, बागेंतला भुरी रोग, अवकाळी पावसांत हातचें पीक गेलेले शेतकरी. चार वर्षांत न बोललेलें तो एका दुपारीं बोलला. अप्पांनीं फक्त एवढेंच म्हटलें, ‘घरच्या मुलाचा पेपर कडक तपासतो तोच खरा मास्तर.’ तें ऐकतांना सूनबाईनें मान खालीं घातली. तिच्या डोळ्यांत पाणी होतें.

घेणाऱ्यांस आणि न घेणाऱ्यांस

आतां एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ‘रोज थोडी वाइन हृदयाला हितकर’ असें जें वरचेवर ऐकूं येतें, त्यावर विसंबूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९८८ सालींच मद्याला कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें, आणि २०२३ च्या जानेवारींत त्या संघटनेनें निर्वाळा दिला कीं, मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणतां येत नाहीं. ज्या फ्रान्सचा दाखला दिला जातो, तेथें चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या जेवणांत वाइन मिळणें १९५६ सालीं बंद झालें, आणि तेथील दरडोई खप गेल्या साठ वर्षांत निम्म्याहूनही खालीं आला आहे. म्हणून जे घेत नाहींत त्यांनीं हा लेख वाचून घेऊं लागावें, असा माझा हेतु मुळींच नाहीं.

जे घेतात, किंवा ज्यांच्या घरीं परदेशांतून आलेला मुलगा-जांवई बाटली आणतो, त्यांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा. पांढरी व गुलाबी चांगली गार करावी. तांबडी ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असें पुस्तकांत असतें, तें युरोपांतील गार खोलीचें, सोळा-अठरा अंशांचें. आपल्याकडे तीही अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी. आंबट-गोड आमटीला शेनिन, लिंबू व हिरव्या भाज्यांना सोव्हिन्यों, दाण्याच्या कुटाला व तेलाला शिराझ, आणि ठेच्याला ताक. किंमत पाहावयाची तर गुण दिल्यावर पाहावी, आणि गुण द्यावयाचे तर एक बाटली दोनदां ठेवून आधीं आपली परीक्षा घ्यावी.

वहिनींची चवथी अट त्याच रात्रीं पाळली गेली. उरलेलें सर्व एका कांचेच्या बरणींत ओतून पुतण्या दिंडोरीला घेऊन गेला. दोन महिन्यांनीं चैत्रांत तो एक लहान बाटली घेऊन आला. हवा लागूं दिली कीं वाइनमधील मद्यार्काचें दुसरे जंतु आम्लांत रूपांतर करतात आणि तिचा शिरका होतो. तो त्यानें त्या बरणींतून केला होता. वहिनींनीं बूच काढून बराच वेळ वास घेतला. मग कांहीं न बोलतां तो हिरव्या मिरच्यांच्या लोणच्यांत घातला. ती बरणी सध्यां आमच्या फळीवर आहे, आणि पाहुण्यांनीं लोणच्याची वाखाणणी केली, कीं वहिनी सांगतात, ‘यांतला शिरका आमच्या मुलाच्या कारखान्यांतला. तो वाइन करतो.’